टरबुजे अजून पोचले नाहीत

पुणे
९ जून २०२५

आण्णा, नमस्कार.

पार्सलमध्ये जे काळं, अर्ध्या वहीएवढं यंत्र निघेल तो मोबाईल नाही. ते फक्त गेम खेळायचं आहे. डाव्या अंगठ्याने गाडी वळते, उजव्याने पळते आणि थांबते. चार्जर खालच्या भोकात बसतो. उलटा बसत नाही, जोर करू नका.

तुम्हाला टरबुजे आठवतात? मी तिसरीत होते. जालन्याच्या टॉकीजमध्ये आपण तिघं ‘टरबुजे निघाले’ बघायला गेलो होतो. टरबुजे आडनावाचं अख्खं खानदान एका काळीपिवळी जीपमध्ये कोंबून लग्नाला निघतं आणि शेवटपर्यंत पोचतच नाही. आई इतकी हसली की पुढचा माणूस वैतागून मागे वळला, आणि तिला बघून तोही हसायला लागला. पुढे त्याचे आणखी दोन सिनेमे आले. आता आमची कंपनी त्यावर गेम काढते आहे, ‘टरबुजे अजून पोचले नाहीत’. सहा भाषांत येणार. त्यातल्या मराठीचं सगळं लिखाण माझ्याकडे आहे. कोण काय बोलतं, कोणती पाटी लागते, गाडी खड्ड्यात गेल्यावर आत्याबाई काय ओरडतात, सगळं.

इथे सगळे कानाला हेडफोन लावून तपासतात. मी साहेबांना म्हटलं, आवाज बंद ठेवून खेळणारं माणूस पाहिजे, नुसतं वाचून हसू येतं का ते कळेल. ते म्हणाले, असं कोण आहे? मी म्हटलं, माझे वडील. तीन वर्षांपूर्वी त्या तापात तुमचे कान गेले, तेव्हापासून तुम्ही टीव्हीसुद्धा लावत नाही. यात सगळं बोलणं अक्षरांत येतं. निदान हे तरी करून बघा.

हा कंपनीचा नमुना आहे, जपून वापरा. जे वाचून हसू आलं नाही ते लिहून कळवा.

तुमचे जावई कल्याण मजेत आहेत. उत्तर ऑफिसच्याच पत्त्यावर टाका. घरी दिवसभर कुणी नसतं.

तुमची मोनिका


जाफराबाद
१७ जून

मोनाबाई, आशीर्वाद.

पार्सल मिळालं. अडतीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहून ‘सही करा’ म्हणलो. आता पोस्टाची नवी पोरगी माझ्या दारात उभी राहून खुणा करून राह्यली, सही करा. मला हसू आलं. तिला वाटलं म्हातारं खुळं हाय.

गाडी पहिल्या दिवशी अकरा बारी खड्ड्यात घातली. आत्याबाई ओरडती, “अहो, रस्ता तिकडं आहे, इकडं नुसतं तळं आहे!” हे चांगलं लिहिलंस. ड्रायव्हर म्हणतो, “गाडी चालू आहे, आपणच बंद आहोत.” हे त्याच्याहून चांगलं. पण तू ‘बसथांबा’ लिहिलंय ते काढ. बसथांबा कोण म्हणतं? स्टँड लिही.

पुंजाराम गुरुजी रोज चार वाजता येतात. एक डाव त्यांचा, एक माझा. त्यांचा हात माझ्यापेक्षा चालतो, पोरांना चित्रं काढून शिकवलंय ना. चहा मीच करतो.

आता चौथ्या टप्प्यात अडकलोय. घाट हाय. गाडी जड होती अन् मागं घसरती. खाली पाटी येती, ‘नानांना इथेच विसरा’. म्हणजे म्हाताऱ्याला स्टँडवर उतरवून गाडी पुढं न्यायची. गुरुजी म्हणतात, विसरा की राव, गेम हाय. मी म्हणलं, न्हाई विसरत. चार दिवस झाले, गाडी वर नेतोय अन् ती खाली येऊन राह्यली. नाना मागच्या सीटवर बसून शेंगा खातात. त्यांना काही पडलेली न्हाई.

कल्याणरावांना नमस्कार सांग. तुमच्या खिडकीतून ती टेकडी दिसायची, ती आता हिरवी झाली असंल.

राधाकिसन


पुणे
२८ जून

आण्णा,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली. घरी गेल्यावर कल्याणना वाचून दाखवलं. तेही खूप हसले.

नानांना सोडा हो आण्णा. सिनेमात तसंच आहे, तोच तर विनोद आहे. हे लोक नानांना प्रत्येक ठिकाणी विसरतात आणि नाना यष्टीने यांच्या आधी पुढच्या गावात पोचलेले असतात. गेममध्येही येतात. मीच लिहिलंय, मला माहीत आहे.

‘बसथांबा’ काढला. सगळीकडे ‘स्टँड’ केलं. साहेबांनी विचारलं हा तुमच्या भागातला शब्द का, मी म्हटलं, हा महाराष्ट्रातला शब्द आहे.

एक काम सांगू? आत्याबाईंच्या ओळी मला फिक्या वाटतात. एका ओळीत चोवीस अक्षरं बसतात, त्यात चांगली शिवी-न-शिवी पाहिजे, लहान मुलांसमोर चालेल अशी. आई तुम्हाला काय काय बोलायची ते मला नीट आठवत नाही. आठवायला बसले की नुसता तिचा हात आठवतो, पोळपाटावरचा. तुम्हाला आठवत असेल तर लिहून पाठवा.

टेकडी हिरवी झाली आहे. रोज सकाळी आम्ही दोघं चहा घेताना बघतो.

मोनिका


जाफराबाद
८ जुलै

मोनाबाई,

तुझी आई मला काय बोलायची ते मला आठवत न्हाई असं कसं होईल? चौतीस वर्षं रोज ऐकलंय. घे.

“अक्कल काय पार्सलनं मागवायची का?”
“उभ्या उभ्या झोपलात का?”
“गावाला पत्रं, घराला पाठ!”
“तुमच्या घाईला देवबी थकला.”
“हसता काय, शेण लागलंय पायाला.”

हे शेवटचं तिनं लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोललेलं वाक्य हाय. त्याच्या आधी आठ दिवस ती बोललीच न्हवती. मी सायकलवरून आल्तो, टोपी काढून तिच्याकडं बघून हसलो, अन् तिनं हे म्हणलं. मंग मीच जोरात हसलो. तिथून पुढं ती थांबलीच न्हाई बोलायची.

शेवटी शेवटी दवाखान्यात ती बोलायची ते मला ऐकू यायचं न्हाई. कान नुकतेच गेल्ते. ती ओठ हलवायची, मी मान हलवायचो. काय म्हणली ते नर्सला विचारायला पाह्यजे होतं. तवा लाज वाटली. हे गेममध्ये घालायचं न्हाई, तुला सांगितलं नुसतं.

नानांना सोडलं. गुरुजींनीच बटन दाबलं, मी तिकडं बघितलं न्हाई. पुढच्या गावात स्टँडवर बसलेले दिसले. बरं वाटलं. सातव्या टप्प्यात आलोय. वऱ्हाड वाट बघून राह्यलं, नवरदेव घोड्यावर झोपला, अन् टरबुजे अजून दुसऱ्याच गावात भलत्याच लग्नात जेवून राह्यले.

तब्येत जप. जेवण वेळेवर करीत जा, दोघंबी.

राधाकिसन


पुणे
१२ ऑगस्ट

आण्णा,

उशीर झाला, माफ करा.

आईच्या पाचही ओळी घातल्या होत्या. ‘शेण लागलंय पायाला’वर तर मुंबईचे लोकसुद्धा हसले. पण काल ठरलं की मराठी गेम निघणार नाही. बाकीच्या पाच भाषांत येईल. मराठी लोक हिंदीत खेळतात, वेगळी कशाला, असं वरून आलं. कुणी वाईट वागलं नाही. साहेबांनी मला चहाला नेलं आणि माझं काम उत्तम होतं असं तीनदा म्हणाले. मला दुसरं काम दिलं आहे, लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं.

तो नमुना महिनाअखेरीस परत करायचा आहे. मराठी ओळी असलेली यंत्रं सगळी जमा करून पुसणार आहेत. तुम्हाला शेवटचा टप्पा खेळायचा असेल तर लवकर खेळून घ्या. सॉरी, आण्णा. मीच पाठवलं आणि मीच मागते आहे.

गुरुजींनाही सांगा. त्यांची चार वाजताची सवय मोडेल.

मोनिका


जाफराबाद
२७ ऑगस्ट

मोनाबाई,

यंत्र आज टाकलं. खोक्याला पांढरं कापड शिवलं, पहिल्यासारखं, टाके जवळ जवळ घातले. पोस्टातली पोरगी कापडावर हात फिरवून बघत राह्यली, तिनं असं पार्सल कधी बघितलंच न्हवतं म्हणे. तिनं कागदावर लिहून विचारलं, काय हाय आत? मी लिहिलं, लग्नाला निघालेलं वऱ्हाड.

शेवटचा टप्पा खेळलो. सांगायचं तर, तिथंबी ते पोचत न्हाईत. मांडवापर्यंत येतात अन् कळतं की लग्न परवा होतं.

तू मनाला लावून घेऊ नको. तुझं लिहिलेलं पुसलं गेलेलं न्हाई. पत्र आलं त्या दिवसापासून सगळा गेम पहिल्यापासून परत खेळलो अन् पडद्यावर येईल ती ओळ थांबवून वहीत उतरून घेतली. दोनशे पानी वही, चारशे बारा ओळी. पाट्यासुद्धा. गुरुजी यंत्र धरायचे अन् मी लिहायचो. अक्षर माझं हाय, मजकूर तुझा. तुला पाह्यजे तवा घेऊन जा.

आता गुरुजी येतात तवा आम्ही वहीच वाचतो.

यंदा दिवाळीला येता का दोघं? टेकडीबद्दल लिहिलं न्हाईस या बारी.

राधाकिसन


जाफराबाद
३० सप्टेंबर

मोनाबाई,

महिना झाला, पत्र न्हाई. पार्सल पोचल्याची पावती आली, म्हणजे ते मिळालं. कामात असशील. इकडं सोयाबीन काढणी चालू हाय, गल्लीत दिवसा माणूस दिसत न्हाई. मी बरा हाय.

हे कार्डच टाकलं, जास्त काही न्हवतं लिहायला.

राधाकिसन


पुणे
६ ऑक्टोबर

आण्णा,

तुमचं कार्ड मिळालं. आता लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही, म्हणून कामावर बसूनच लिहिते.

मी जाफराबादला आले होते. तेरा सप्टेंबरला, शनिवारी. तुम्हाला कळवलं नव्हतं. एक गोष्ट तोंडावर सांगायची होती, ती पत्रात लिहवत नव्हती.

स्टँडवर उतरले तर पायल भेटली, पुंजाराम गुरुजींची मुलगी. सासरहून घराला कुलूप नीट आहे का ते बघायला आली होती. मी म्हटलं, गुरुजी आमच्या आण्णांना फार सांभाळतात हो. तिला काही कळेना. ती म्हणाली, “बाबा तर संक्रांतीपासून भावाकडं, मिथुनकडं, नांदेडला हायेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवापासून आलेच न्हाईत इकडं.”

तिथून मी चालत घरी आले. दार आतून लावलेलं होतं. मी कडी वाजवली. वाजवल्यावर लक्षात आलं मी काय करते आहे. मग मागच्या बाजूला गेले, बोळातल्या खिडकीपाशी.

तुम्ही अर्धे पाठमोरे बसला होतात. समोर वही होती आणि दोन कप चहा. तुम्ही एक ओळ तुमच्या आवाजात वाचलीत, ड्रायव्हरची. मग दुसरा कप थोडा पुढे सरकवलात आणि पुढची ओळ गुरुजींसारखी वाचलीत, नाकात. मग हसलात. आण्णा, तुम्हाला कळत नाही, पण तुम्ही फार मोठ्याने बोलता. अख्ख्या बोळात ऐकू येत होतं. दोन बायका माझ्या मागून डोक्यावर भारे घेऊन गेल्या, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणजे रोजचंच असणार.

आत्याबाईंची ओळ आली तेव्हा तुम्ही कोणत्याच आवाजात वाचली नाहीत. नुसतं बोट ठेवलंत आणि थांबलात. मग पान उलटलं.

खिडकीची काच तुमच्या उजव्या हाताला होती. मी नुसता हात हलवला असता तर सावली पडली असती आणि तुम्ही बघितलं असतं. हात वर गेलाही होता. पण तुम्ही म्हणाला असता, एकटीच आलीस? आणि मला तेच सांगायचं होतं आणि तेच सांगता येईना. मला वाटलं, तुमचं असं उघड्यावर बघितल्यावर माझंही उघडं करावं लागेल, आणि मग आपण दोघं काय करणार? मी साडेचारच्या गाडीने परत गेले. भोकरदनपर्यंत उभीच होते, जागा असून.

मला तुमचा राग नाही आला. एवढंच कळवायचं होतं. गुरुजी येत नाहीत हे मला माहीत आहे, आता पत्रात चहा दोघांचा करू नका.

जे सांगायला आले होते ते अजून राहिलंच आहे.

मोनिका


जाफराबाद
१५ ऑक्टोबर

मोनाबाई,

पत्र शनिवारी आलं. तीन दिवस तुला लिहिलं न्हाई. राग आल्ता. तुझा आला, की तू दारापासून परत गेलीस. मंग माझाच आला, कडी आतून लावून बसतो त्याचा. चौथ्या दिवशी दोन्ही राग संपले, तवा लिहायला बसलो.

गुरुजींचं खरं हाय. ते संक्रांतीला गेले. आधी पाच महिने मी नुसता बसून राह्यचो. कुणाशी बोलावं? लोक दोन वाक्यं कागदावर लिहितात, तिसऱ्याला कंटाळतात. त्यांची चूक न्हाई. तुझं यंत्र आलं अन् मला वाटलं, एकट्यानं खेळलो असं लिहिलं तर तू तिकडं जीव लावून घेशील. म्हून गुरुजींना बसवलं. मंग ते बसलेच. परवा त्यांना नांदेडला खरं पत्र टाकलं. लिहिलं, गुरुजी, तुम्ही चार महिने माझ्याकडं चहा पिऊन राह्यले, तुम्हाला माहीत न्हाई.

आता तुझं. तुला जे सांगता येईना ते तू सांगू नको, मी सांगतो.

तू कल्याणरावांकडं राहत न्हाईस. गेल्या दिवाळीपासून न्हाईस.

मी पोस्टमन हाय, मोनाबाई. लोक पाकीट फोडून आतलं बघतात, मी आधी शिक्का बघतो. तुझी पत्रं तुमच्या घराजवळच्या, कोथरूडच्या शिक्क्याची यायची. गेल्या नोव्हेंबरापासून हडपसरच्या शिक्क्याची येऊन राह्यली. ऑफिस तर तुझं बाणेरला हाय, मी तिथंच पत्रं टाकतो. एखाद बारी माणूस दुसरीकडं पत्र टाकतो. अकरा बारी न्हाई टाकत. मी टेकडीचं विचारायचो, तू लिहायचीस हिरवी झाली. हडपसरहून ती टेकडी दिसती का, हे मी पुण्याला टपाल वेगळं करणाऱ्या एका जुन्या सॉर्टरला कार्ड टाकून विचारलं. त्यानं लिहिलं, न्हाई दिसत.

मंग मी सरळ का न्हाई विचारलं? अडतीस वर्षं दुसऱ्याच्या पाकिटावरचं वाचलं, आतलं कधी वाचलं न्हाई. तीच सवय पोटच्या पोरीशी ठेवली, हे माझं चुकलं. तुझ्या आईनं पहिल्या पत्राला विचारलं असतं. ‘गावाला पत्रं, घराला पाठ’ ती उगीच म्हणत न्हवती.

काय झालं, कुणाचं चुकलं, मी विचारणार न्हाई. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. वाटलं न्हाई तर ते तुझं हाय. मला एवढंच कळव की खोलीला खिडकी हाय का, अन् जेवतीस कुठं. वर्षभर तू एकटी जेवून राह्यलीस अन् मला ‘आम्ही दोघं’ लिहून राह्यलीस. मंग वाटलं, मीबी तेच केलं.

दिवाळीला ये. एकटी ये. संभाजीनगरहून दुपारी दोनची जाफराबाद गाडी पकड, ती भोकरदनला लई थांबत न्हाई. आलीस की कडी वाजवू नको. दिवसभर दार नुसतं लोटून ठेवणार हाय मी, आजपासूनच ठेवलंय. कुत्रं शिरतं, शिरू दे.

घरात आल्यावर मागून खांद्याला हात लावू नको. मला कळत न्हाई कोण आलं ते, अन् जीव दचकतो. कुणी आलं असंल असं आता वाटतच न्हाई ना.

समोर येऊन उभी राह्य.

आण्णा